मोटार उचलायची कशावर

आमच्या ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी वाटूरच्या पारावर बोललेलं दुपारपर्यंत तीन गावांना ठाऊक. म्हणून लढाईच्या त्या साली हे जुनी मोटार आणायला दोन दिवस जालन्याला गेले, तेव्हा सालगड्याच्या बायकोला हाताशी धरून मी एक काम उरकलं. गोठ्याच्या जमिनीत सासऱ्यांच्या वेळचं, ह्यांच्या ध्यानातूनही गेलेलं धान्याचं पेव होतं. त्यात दहा पोती ज्वारी लपवली, तोंडावर फरशी ठेवली, वर माती लोटली आणि सारवून टाकलं.

आदल्या साली आम्ही लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं द्यायचं, धान्य घातलं होतं, तरी वसुलीचा सरकारी अंमलदार, गिरदावर, पुन्हा आला आणि कणग्या झाडून उरलेलं धान्य घेऊन गेला. आषाढात गड्यांच्या लेकरांपुढं मी नुसती अंबाडीची भाजी ठेवली होती. ते मला पुन्हा करायचं नव्हतं.

मोटार आली आणि नेमकी त्या पेवावरच उभी राहिली. बैल बाहेर मांडवात, मोटार गोठ्यात, असा ह्यांचा न्याय. आठ दिवसांत ती खालून तेल गाळायला लागली. जालन्याचा मिस्त्री आला, म्हणाला, "मालक, खालून काम हाय. गाडी वर घ्यावी लागंल, न्हाईतर खाली खड्डा करा. खड्डा सगळ्यात बराबर."

"खड्डाच करू," हे म्हणाले. "हैदराबादला मोठ्या लोकांकडं खड्डाच असतो."

"अहो, वासरू पडंल की त्यात."

"बांधून ठेवू."

"पावसाळ्यात पाणी भरंल."

"उपसू. तुला मोटारीतलं काय कळतं?"

काहीच कळत नव्हतं. पण तीन दिवसांत मी मोटार उचलण्यात पंडित झाले. आधी म्हटलं, तुळईला साखळी बांधून वर ओढा. मिस्त्रीनं वाळवी लागलेल्या तुळईकडं पाहिलं. "भाभी, मोटार वर न्हाई जायची, छप्पर खाली यील." मग उरला जॅक. दांडा फिरवला की तो मोटार उचलतो, मग खाली बाभळीचे ठोकळे द्यायचे. मी त्याचं इतकं कौतुक केलं की मिस्त्रीला वाटलं असावं, भाभीच्या माहेरी जॅकचं दुकान आहे. बैलगाडीला वंगण घालताना आपण टेकू देतो, तसंच हे, वडिलोपार्जित.

तरी चौथ्या दिवशी ह्यांनी मोटार ढकलून बाजूला घेतली आणि स्वतः पहार मारली. जमीन पोकळ, डब्बकन वाजली. माझ्या हातातली चहाची कपबशी खाली पडली. मिस्त्री एकदम तुळईची वाळवी तपासायला लागला. ह्यांनी फुटलेल्या कपाकडं पाहिलं आणि पहार भिंतीला टेकवली.

"जमीन कच्ची हाय," म्हणाले. "जॅकच घेऊ."

ह्यांना ती खरंच कच्ची वाटली, असं मी धरून चालले. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी मोटार पुन्हा जागेवर घेऊन ठोकळ्यांवर चढवली आणि चारी चाकं दुरुस्तीला म्हणून जालन्याला धाडली.

पंधरा दिवसांत गिरदावर आला. कणग्यांत डोकावला आणि ह्यांना विचारलं, "पेव हाय का तुमच्याकडं?"

"हाय की. हे काय, मोटारीखाली. बघायचं तर मोटार सरकवू. चाकं तेवढी जालन्याला गेल्यात."

देवा, कसल्या माणसाशी गाठ बांधलीस! हे थांबले तर ना! गिरदावराला गुडघ्यावर बसवलं आणि जॅक का, साखळी का नाही, खड्डा का नाही, तासभर समजावलं. वरून तेल त्याच्या शेरवानीवर गळत होतं. शेवटी तो वैतागून उठला. "बस झालं. लपवणारा असं सांगत न्हाई." आणि गेला.

पुढं चार महिने मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

आषाढात कणग्यांचा तळ दिसला. मोटार हलवायची कशी, या काळजीत मी भाकरी थापत होते. ह्यांनी मिस्त्रीकडून चाकं आणवली, स्वतः बसवली, मोटार उतरवून अंगणात ढकलली आणि स्वयंपाकघराच्या दारात आले.

"काढ आता ज्वारी. गड्यांच्या घरी आधी धाड."

मी भाकरी थापायची थांबले. "चाकांना काय झाल्तं?"

"कुठं काय? चांगलीच व्हती."

मला फार लाज वाटली. तव्यावरची भाकरी करपली, तीही ह्यांनी मुकाट्यानं खाल्ली.