हीटिंगचं अँटीफ्रीझ आणि शोभाकाकूंचं पातेलं

स्टेट कॉलेज गावातल्या मराठी मंडळींनो, आज माझं डोकं फिरलंय.

डिसेंबरात आम्ही महिनाभर पुण्याला जाणार. घर बंद, बाहेर बर्फ. घर गरम ठेवणारं हीटिंग बंद पडलं तर त्याच्या पाइपांतलं पाणी गोठून ते फुटतील, म्हणून त्यात अँटीफ्रीझ, म्हणजे न गोठणारं द्रावण, भरायचं ठरलं. नवरा म्हणाला, "माणूस कशाला बोलवायचा? मी व्हिडिओ बघितलेत." इंजिनिअर आहे ना!

दुपारी ग्रोसरी घेऊन आले, तर बेसमेंटमध्ये बॉयलरशेजारी शोभाकाकूंचं मोठं पातेलं! त्यात काठोकाठ गुलाबी अँटीफ्रीझ आणि पंपाची नळी सोडलेली.

शोभाकाकू आपल्यातल्या सगळ्यात जुन्या. इथल्या प्रत्येक गणपतीचा, बारशाचा मसालेभात त्याच पातेल्यात होतो. शनिवारच्या पॉटलकच्या एकत्र जेवणासाठी मी ते कालच मागून आणलं होतं.

"अरे, हे काय केलंस?"

"मॅन्युअलमध्ये लिहिलंय, स्वच्छ भांड्यात मिक्स करा. घरात हेच सगळ्यात स्वच्छ होतं."

वर लेक म्हणते, "इट्स नॉन-टॉक्सिक, आई!"

"हो का? मग तुमची आजची आमटी ह्यातच करते."

नवऱ्याने लगेच पंपाची नळी बाहेर काढली.

शेवटी धीर करून काकूंना फोन लावला. त्या खो खो हसायला लागल्या. "अगं, घास चांगलं आणि वापर. आमच्या ह्यांनी तर त्यात गाडीचं ऑइल काढलं होतं!"

"कधी, काकू?"

"झाली बरीच वर्षं. तुम्ही कोणी इथे आलाही नव्हतात."

तर मंडळी, शनिवारचा मसालेभात माझ्याकडे आहे. कोण कोण येतंय?