धर्मपाल मास्तरांची अट

अकोल्याच्या धर्मपाल खंडारे यांच्या हातात वर्षातले आठ महिने क्लॅरिनेट असायचं आणि चार महिने मैद्याचा गोळा. तुळशीचं लग्न लागलं की बँडचा हंगाम सुरू व्हायचा तो आषाढापर्यंत. मग लग्नं थांबायची, गणवेश धुऊन पेटीत जायचे आणि धर्मपाल एका बेकरीच्या भट्टीवर कामाला लागायचे. वयाच्या अठराव्या वर्षापासून हे असंच चालत आलेलं. पाव, टोस्ट, खारी, नानकटाई, सगळं ते तिथेच शिकले. पुढे ती बेकरी बंद पडली, पण हाताला लागलेली सवय काही सुटली नाही. मुलगी पायल जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली, तेव्हा पहिल्या पगारात तिने बापासाठी एक छोटा ओव्हन घेतला. तेव्हापासून बँड ज्या गावाला निघेल त्या गावाला धर्मपालांचा पत्र्याचा डबाही निघायचा. त्यात पहाटे भाजलेले पाव असायचे आणि ज्वारीच्या पिठाची नानकटाई.

"लोक गणपतीले मोदक करते, आमचे मास्तर टेम्पोले पाव करते," असं बँडमधला धर्मेंद्र म्हणायचा. धर्मेंद्र ट्रम्पेट वाजवायचा आणि डब्यावर पहिला हात त्याचाच पडायचा.

बँडला नाव होतं धर्मपालांच्या वडिलांचं. रामराव ब्रास बँड. रामराव हिवरखेडचे. दिवसा मजुरी करायचे आणि लग्नसराईत क्लॅरिनेट वाजवायचे. धर्मपालांनी त्यांच्याच मागे चालत चालत वाजवायला शिकून घेतलं. पुस्तक नाही, वही नाही. बाप वाजवायचा, पोरगा ऐकायचा.

पंधरा वर्षांचे असताना बापाबरोबर ते एका मोठ्या घरच्या लग्नात गेले होते. चार तास वरात वाजवली. पाहुण्यांच्या सगळ्या पंगती उठल्या, मग बँडवाल्यांना गोठ्यामागे नेलं आणि तिथे जमिनीवर वाढलं. रामराव गुमान जेवले. जाताना यजमानाला हात जोडून "सैपाक चांगला झाला होता" असंही म्हणाले. धर्मपालांच्या घशाखाली मात्र घास उतरला नव्हता. त्यांना जेवणाचा राग नव्हता. ज्या माणसाच्या फुंकेवर सगळं गाव नाचलं, त्याने हात जोडावेत, हे त्यांना सोसवलं नाही.

म्हणून स्वतःचा बँड काढला तेव्हा त्यांनी बुकिंगच्या कागदावर शेवटी एक ओळ छापून घेतली: 'बँडचे सर्व वादक पाहुण्यांच्या पंगतीत जेवतील.' लोक ती ओळ वाचून हसायचे. काही जण कागद तसाच परत करायचे आणि दुसरा बँड धरायचे. सुरुवातीच्या एका लग्नात अट मोडली, तर धर्मपाल भर मांडवात ओरडले आणि वाद्यं उचलून निघून गेले. नवरी रडायला लागली. तिचं ते रडणं त्यांच्या मनाला फार लागलं. त्यात त्या पोरीचा काय दोष होता? त्या दिवसापासून त्यांनी आवाज चढवणं सोडलं. अट मात्र सोडली नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये चांदूर बाजारहून पंजाबराव ठाकरे यांचा फोन आला. संत्र्याची मोठी बाग असलेला माणूस. त्यांची मुलगी मोनाली हिचं लग्न होतं. घरच्यांना डीजे आणायचा होता, पण मोनालीने अकोटला मैत्रिणीच्या लग्नात धर्मपालांना ऐकलं होतं आणि ती हटून बसली होती. क्लॅरिनेटच पाहिजे. पंजाबराव स्वतः अकोल्याला आले, कागद वाचला, सही केली आणि घरची नानकटाई खाऊन गेले.

लग्नाच्या दिवशी दहा वादक आणि ड्रायव्हर असे टेम्पोने उजाडताच निघाले. अकोट, अंजनगाव, परतवाडा करत नऊच्या सुमारास ते पोचले. लग्न दुपारचं, बागेतच मांडव. ऊन तापलं तसं धर्मपालांनी वरातीत नाचाची गाणी संपवून वडिलांची एक जुनी धून धरली. सावकाश, लांब श्वासाची. नाचणारे थांबले, पण कोणी कुरकुर केली नाही. नवरदेवाचा घोडासुद्धा हळू चालला, असं धर्मेंद्र पुढे कितीतरी दिवस सांगत होता.

लग्न लागलं, पंगती बसल्या. पंजाबरावांचा पुतण्या शेखर जेवणाची व्यवस्था पाहत होता. तो घाईत आला आणि म्हणाला, "मास्तर, चला, तुमचं तिकडं काढून ठेवलं."

तिकडं म्हणजे जनरेटरच्या गाडीमागे. खाली वर्तमानपत्रं अंथरलेली, बाजूला भाजीची बादली, पुऱ्यांची टोपली. दहाही माणसं धर्मपालांकडे पाहू लागली.

"शेखरभाऊ, आपलं कागदावर लिवलं होतं," धर्मपाल म्हणाले.

"लिवलं असन हो. पण वाजंत्री सगळीकडं अशीच जेवते. सैपाक तोच हाये, काई वेगळा नाई."

"सैपाकाचं मी म्हणूनच नाई राहिलो."

शेखरला कोणीतरी हाक मारली आणि तो निघून गेला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने लहानपणापासून हेच पाहिलं होतं, एवढंच.

धर्मपालांनी माणसांना वाद्यं पेटीत ठेवायला सांगितली. टेम्पोतून डबा काढला, ठेच्याची बाटली काढली, चार कांदे काढले. मग दहाही जणांना घेऊन ते सरळ मांडवात शिरले. ज्या खुर्च्यांवर बसून पाहुण्यांनी लग्न पाहिलं होतं, त्या आता रिकाम्या होत्या. पहिल्या दोन रांगांत ही सगळी मंडळी बसली आणि मांडीवर रुमाल पसरून पाव-ठेचा खाऊ लागली. लाल गणवेशातली दहा माणसं आणि एक ड्रायव्हर भर लग्नात घरचा पाव खात बसलेत, हे पंगतीतल्या दोनशे माणसांना दिसत होतं.

स्टेजवर फोटो काढून घेणाऱ्या मोनालीलाही दिसलं. तिने बापाला बोलावलं आणि काहीतरी विचारलं. पंजाबराव तिथून तडक खाली आले.

"काहून मास्तर? अठी काय खाऊन राहिले? आमच्या घरी जेवण सरलं काय?"

"जेवण लय हाये भाऊ. जागा नाई."

पंजाबरावांना समजेना. धर्मपालांनी जनरेटरच्या गाडीकडे नुसतं पाहिलं. पंजाबराव चालत तिकडे गेले, वर्तमानपत्रं पाहिली, बादली पाहिली आणि परत आले. चेहरा उतरला होता. मोठ्या माणसाला चारचौघांत चूक कबूल करणं अवघड जातं आणि धर्मपालांनाही त्यांना खाली पाहायला लावायचं नव्हतं. म्हणून तेच म्हणाले, "तुमी सही केली तवा मनातून केली, हे मले माहीत हाये. म्हून तं मी गेलो नाई. पोरीची पाठवणी वाजवूनच जाईन."

"पाठवणी मंग," पंजाबराव म्हणाले. "पयले उठा. मी बी अजून जेवलो नाई. माह्या बाजूले बसा सगळे."

"अकरा जण हाओ भाऊ. ड्रायव्हर बी हाये."

"अकरा तं अकरा."

चालू पंगतीतली माणसं सरकली. शेखरने स्वतः पत्रावळी मांडल्या. त्याची नजर वर होत नव्हती. धर्मपाल त्याला म्हणाले, "वांग्याची भाजी झकास झाली बरं. अजून वाढ." तेव्हा कुठे तो थोडा सैल झाला. उरलेले पाव धर्मपालांनी पंगतीत फिरवले आणि ते बुंदीच्या आधी संपले.

समोरच्या रांगेत एक साठीच्या बाई बसल्या होत्या. शकुन देशमुख, अमरावतीच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या संगीताच्या प्राध्यापिका. त्यांनी पाव तोडता तोडता विचारलं, "हा कोणी केला?"

"मीच."

"आणि मघाशी वरातीत सारंग वाजवला, तो कोणाकडे शिकलात?"

"सारंग म्हणजे कोणतं गाणं, मॅडम?"

बाईंनी हातातला पाव खाली ठेवला. मग म्हणाल्या, "गाणं नाही. राग. दुपारचा राग. तुम्ही अगदी शुद्ध वाजवत होता."

"मले नाव माहीत नाई. आमचे बाबा दुपारच्या वरातीले तेच वाजवत. दुपारी ते बरं वाटते, असं म्हणत."

"तुमच्या वडिलांना बरोबर कळत होतं," शकुनताई म्हणाल्या.

धर्मपालांचा हात पत्रावळीवरच थांबला. आपल्या बापाबद्दल कोण्या शिकलेल्या माणसाने असं काही म्हटलेलं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

शकुनताई अमरावतीत दर महिन्याला एक छोटी मैफल भरवायच्या. त्यांनी तिथेच त्यांना बोलावलं. एक तास, साथीला तबला, ऐकायला पन्नास-साठ माणसं. धर्मपालांनी हो म्हटलं आणि टेम्पोत बसल्यावर त्यांना घाम फुटला.

घरी बायको नीलमने सगळं ऐकून घेतलं. "मंग त्यात भ्यासारखं काय हाये? हजार माणसाईपुढं वाजवता तुमी."

"ते हजार जण नाचत असते. हे पन्नास जण आयकणार हायेत."

खरी अडचण निराळीच निघाली. मैफलीत मांडी घालून बसायचं असतं आणि धर्मपालांनी जन्मभर चालत नाही तर उभं राहून वाजवलं होतं. बसलं की पोट दाबलं जायचं, श्वास अपुरा पडायचा, लांब सूर मधेच तुटायचा. त्यांनी सराव सुरू केला. पहाटे कणीक मळून झाकून ठेवायची आणि ती फुगेपर्यंत स्वयंपाकघरात पाटावर बसून वाजवायचं. क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायची वेताची पत्ती त्यांनी तीनदा बदलली. पायलने मोबाइलवर सारंग शोधून ऐकवला, तेव्हा ते ऐकता ऐकता म्हणाले, "हा गायक चांगला हाये. बाबासारखंच घेते." पायल हसली, मग हसायची थांबली. बाबांचं म्हणणं खरंच होतं.

मैफल रविवारी दुपारी एकला होती, म्हणून तर सारंग चालणार होता. तिघं सकाळच्या एसटीने मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला पोचली. एका शाळेचं सभागृह, खाली सतरंज्या, समोर खुर्च्या. निवेदन करणाऱ्या तरुणाने माईक हातात घेतला. "आज आपल्यासमोर अकोल्याचे क्लॅरिनेटवादक श्री. धर्मपाल खंडारे..."

धर्मपालांनी हात वर केला. "साहेब, एक राहिलं. मी बँडवाला हाओ. रामराव ब्रास बँड. तेवढं सांगा."

सभागृहात थोडं हसू उमटलं. ते कुचेष्टेचं नव्हतं. तरुणाने ते नाव स्पष्ट उच्चारलं आणि टाळ्या झाल्या.

पहिली दहा मिनिटं वाईट गेली. श्वास पाटावर जेवढा साधला होता तेवढाही साधेना. सूर थरथरला, एकदा तुटलाच. तबलजी सांभाळून घेत होता, ते धर्मपालांना कळत होतं आणि त्याने ते आणखी खजील होत होते. पुढच्या रांगेत नीलमने पदर मुठीत धरला होता. त्यांनी वाजवणं थांबवलं.

"मॅडम, उभ्यानं वाजवू काय? बसून मले जमून नाई राहिलं."

शकुनताई म्हणाल्या, "तुम्हाला चालत वाजवायचं असेल तर चालत वाजवा."

ते उठले. पाय थोडे फाकवले, खांदे सैल सोडले, पोटभर श्वास घेतला. मग जो सूर निघाला तो सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत सरळ गेला. त्यात उघड्या रस्त्याची ताकद होती. बंद खोलीतल्या माणसांना एवढ्या जवळून ती कधी मिळाली नव्हती. बापाची धून त्यांनी तीन वेळा फिरवून आणली, दर वेळी वेगळ्या वाटेने. तबलजीने सांभाळणं सोडून दिलं, आता तो मागे पळत होता. एक तासाची मैफल सव्वा तास चालली. शेवटी लोक उभे राहिले, तेव्हा पायलला फोटो काढायचं सुचलंच नाही. ती नुसती टाळ्या वाजवत राहिली.

बाहेर चहा घेताना शकुनताई म्हणाल्या, "माझ्याकडे दोन मुली आहेत. सुषिर वाद्य शिकायचंय त्यांना. म्हणजे फुंकून वाजवायचं. महिन्यातून एकदा याल शिकवायला?"

"मले रागाची नावं येत नाईत."

"नावं मी सांगेन. श्वास तुम्ही शिकवा."

धर्मपालांनी नीलमकडे पाहिलं. ती आधीच मान हलवून मोकळी झाली होती.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी ते सकाळची एसटी धरतात. त्या दोन मुलींतली धाकटी, रागिणी, पहिल्या दिवशी अर्धा तास फुंकून दमली, तरी आवाज निघाला नाही. रडकुंडीला आली. धर्मपाल तिला म्हणाले, "माहा तं आठ दिवस निघाला नव्हता. तुहा लवकर निघन." तिसऱ्या रविवारी तिचा सूर लागला. एकच, बेढब, पण लांब. धर्मपाल परत आले ते बसमध्ये कोणाशी तरी त्याबद्दल बोलत बोलतच.

परवा शेजारच्या मैनाबाईंनी विचारलं, "रविवारचे कुठं गेले वो पायलचे बाबा? लग्न तं नाई आज कुठं."

नीलम ओव्हनमधून पावाचा साचा काढत होती. ती उठून दारात आली आणि गल्लीतल्या बाकीच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अमरावतीले गेले. शिकवाले."