संगिनीच्या टोकावरचा डाग

ती घटना आजही मनात ताजी आहे, आणि ती आठवली की आपसूक हात जोडले जातात. पोलिसाच्या नोकरीत असं फार वेळा होत नाही. बाकीच्या केसेस आठवल्या की माझं डोकंच उठतं. कुठे साक्षीदार फिरलेला असतो, कुठे वरिष्ठांनी झापलेलं असतं. ही एकच अशी, की ती सांगायला मला कोणीही, कधीही बसवावं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी भिवंडीत उपनिरीक्षक होतो आणि पोलीस ठाण्याचं गुन्हे शोध पथक माझ्याकडे होतं. भिवंडीत ड्युटी केलेल्या माणसाला एक सवय लागते. लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट चालू असला की तो निवांत चहा पितो. खडखडाट थांबला की कप खाली ठेवून टोपी शोधतो. शहरानं दंगलीची झळ सोसलेली होती, त्यामुळे साध्या भांडणाचीही अफवा व्हायला वेळ लागत नसे.

त्यातच कशेळीला खाडीच्या बाजूला, एका गोदामामागे एक प्रेत सापडलं होतं. पोटात भोसकलेलं. ओळख पटत नव्हती, हत्यार मिळत नव्हतं. मोठे साहेब रोज सकाळी हजेरीनंतर मला एकच प्रश्न विचारायचे आणि मी रोज तेच उत्तर द्यायचो. दोघांनाही त्याचा कंटाळा आला होता.

अशा वेळी माझा एक खबऱ्या दुपारी मागच्या दारानं आला. म्हणाला, "साहेब, फौजी चाचाच्या गाळ्यात तलवारी आहेत. बसून घासतोय. अपनी आँखों से देखा."

फौजी चाचा म्हणजे सैन्याच्या हत्यारखान्यात दुरुस्तीचं काम करून निवृत्त झालेला माणूस. त्यांना सगळा मोहल्ला ओळखत होता. कुणाच्या लूमचा सुटा भाग करून दे, कुणाचं कुलूप उघडून दे, असं त्यांचं चालायचं. त्यांचं नाव तलवारींशी जोडलेलं ऐकून मला पटेना. पण शहर असं, दिवस असे. खबर मिळाली की जावंच लागतं.

दोन पंच घेतले, हवालदार घेतले आणि गेलो. गाळ्याचं दार सताड उघडं. चाचा चटईवर बसून काथ्यानं एक पातं घासत होते. बाजूला रॉकेलचं पत्र्याचं घमेलं, विटेची पूड, तेलाची बाटली, जुन्या गंजीफ्रॉकच्या चिंध्या. समोर एक तलवार, एक सरळ पात्याची किर्च आणि एक लांबलचक जुनी संगीन. संगीन म्हणजे बंदुकीच्या तोंडाला लावायचं ते पातं. आम्हाला बघून चाचा उठले आणि सवयीनं ताठ उभे राहिले.

"ये क्या है चाचा?"

"जुनी हत्यारं, साहेब. लोकांच्या घरात गंजून पडलेली. मी साफ करून देतो. पेन्शनीत माणसाला काहीतरी हाताला पाहिजे ना."

मी पात्यांवरून अंगठा फिरवला. धार म्हणाल तर कांदाही चिरला गेला नसता. ज्याला दंगल करायची आहे तो आधी धार लावतो, चमक नंतर बघतो. इथे उलटं होतं. हे मी मनात टिपून ठेवलं. पण संगिनीच्या टोकाशी आलो आणि अंगठा थांबला. सगळं पातं चांदीसारखं लख्ख, आणि टोकाला मात्र काळपट तपकिरी, खरखरीत डाग. पोलिसाला असा डाग दिसला की त्याच्या डोक्यात एकच शब्द येतो. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. कशेळीचं नाव कोणी घेतलं नाही.

पंचनामा केला, हत्यारं कापडात बांधून लाखेचं सील लावलं, चाचांना जीपमध्ये घेतलं. आम्ही ठाण्यात पोचेपर्यंत बाजारात शटर खाली यायला लागली होती. शस्त्रांचा साठा सापडला, ट्रकभर आहे, अजून शोधतायत, अशी बातमी आमच्या आधी पोचली होती. फाटकाबाहेर चाचांच्या गल्लीतली माणसं येऊन उभी राहिली. घोषणा नाही, शिवी नाही. नुसती उभी. मला दगडफेकीपेक्षा अशा शांततेची जास्त भीती वाटते.

मोठे साहेब मात्र खुश. "केस डिटेक्ट झाली. रक्त धुवायलाच तो पातं घासत होता. उद्या अटक दाखवा, रिमांड घ्या."

मी म्हणालो, "सर, मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या. चुकलं तर गाव पेटेल."

साहेबांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "दुपारपर्यंत. पुढे मी ऐकणार नाही."

तलवारीचा आणि किर्चीचा उलगडा लगेच झाला. तलवार एका डॉक्टरांच्या घरातली होती, त्यांच्याकडे परवाना होता. किर्च एका शाळेच्या संग्रहातली, मुख्याध्यापक स्वतः धावत आले. राहिली संगीन. चाचा म्हणाले, "ती दिघाशीची. लग्नघरातला माणूस आणून देऊन गेला. पोराचं लग्न आहे, चकचकीत करून द्या म्हणाला."

मी संगीन घेऊन तशीच जीप दिघाशीला काढली. लग्नघर शोधायला वेळ लागला नाही, मांडवाचे बांबू अंगणात येऊन पडले होते. नवऱ्या मुलाचा बाप बाहेर आला. पोलीस पाटील आले, चार जाणती माणसं आली. त्यांच्याकडून कळलं ते असं. पहिल्या महायुद्धात गावातला एक जण पलटणीत होता. परत येताना त्यानं ही संगीन आणली. तेव्हापासून गावातला प्रत्येक नवरदेव कट्यारीच्या जागी हीच हातात धरतो. ज्या घरी लग्न, त्या घरी ती आधी जाते.

मी सील तोडून, पंचांसमोर संगीन उघडली. पोलीस पाटलांनी वाकून बघितलं आणि मान हलवली.

"ही आमची न्हाय, सायेब. आमची काळीकुट्ट हाय. मूठपन काळी. ही तर दुकानातली दिसते."

बाकीच्यांनीही तेच सांगितलं, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी जन्मापासून गंजलेली संगीन बघितली होती. गंजाखाली काय आहे ते त्यांना कसं कळणार?

मी नवऱ्याच्या बापाला विचारलं, "तुम्ही चाचांकडे दिली होती का?"

"न्हाय सायेब. मी कुनाकडं काय दिलं न्हाय."

माल ओळखायला बोलावलेला माणूस आधी मालाकडे बघतो. हा माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे बघत होता. "मग गावाची संगीन कुठे आहे?" विचारलं तर म्हणाला, "पेटीत असंल, बगायला लागंल." पाचावर धारण बसली होती त्याची. घरात लग्न, दारात जीप, आणि गावाची वस्तू कोणाला न विचारता बाहेर दिलेली. पण त्याच्या भीतीवर मला जबाब लिहिता येत नव्हता. दमदाटी करून हो म्हणवलेला साक्षीदार कोर्टात पहिल्या प्रश्नाला नाही म्हणतो. मी पुन्हा सील लावलं आणि परत फिरलो.

चाचांना समोर बसवून सांगितलं, "चाचा, गाव नाही म्हणतंय. तो माणूसही नाही म्हणतोय."

ते म्हणाले, "घाबरला असेल बिचारा. शादी का घर है."

खरं सांगतो, मला त्यांचाच राग आला. इथे माणसाच्या गळ्याला फास लागायची वेळ आली आहे आणि हा दुसऱ्याची बाजू घेतोय! मी टेबलावर हात आपटला. "त्याचं सोडा! टोकाला डाग कशाचा आहे?"

"माहीत नाही."

"सगळं पातं घासलंत, मग तेवढंच का सोडलंत?"

"तो गंज नाही, साहेब. गंज वरून चढतो, घासला की निघतो. हा डाग कोणीतरी पुन्हा पुन्हा करून करून झालाय. पात्यानं पिऊन टाकलाय. काढायचा तर लोखंड खरवडावं लागलं असतं. आणि ज्याची वस्तू आहे त्याला न विचारता मी का काढू?"

मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं, कोठडीत टाकलं नाही. घरचा डबा येऊ दिला. मला एक गोष्ट छळत होती. रक्त लपवायला बसलेला माणूस मुठीपासून सगळं लख्ख करील आणि रक्ताचाच डाग तेवढा तसाच ठेवील? एवढा मूर्ख गुन्हेगार मी तोवर पाहिला नव्हता. पण ही शंका होती, पुरावा नव्हता, आणि साहेबांना शंका ऐकायच्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना फाटकाजवळ आरडाओरडा ऐकू आला. मला वाटलं, झालं, पेटलं! बाहेर आलो तर नऊवारी लुगडं कासोट्यानं घट्ट नेसलेली एक म्हातारी पहारेकऱ्याला झापत होती, आणि तिनं नवऱ्याच्या बापाचं मनगट पकडलेलं होतं.

ती दिघाशीची धवलारीण होती. आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या गावांत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन लग्न लावणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. तिच्याशिवाय लग्नाचं पान हलत नाही. आदल्या दिवशी ती परगावी लग्न लावायला गेली होती. परत आली, जीप येऊन गेल्याचं ऐकलं आणि थेट लग्नघरात जाऊन म्हणाली, संगीन दाखव. संगीन तिथे नव्हती. पुढचं तिनं त्याच्याकडून कसं वदवून घेतलं ते तिलाच ठाऊक.

"बोल सायबाला!" तिनं त्याला पुढे ढकललं. "एका मानसाला आत टाकलाय तुज्या पायी, आन तू मांडव घालतोस? अरं, त्या मांडवात मी धवला गाऊ कसा?"

त्याला रडूच फुटलं. "मीच दिली सायेब. पावसानं पार खराब झाल्ती. पोराच्या हातात बरी दिसंल म्हनून दिली. पोलीस आलं आन माजी वाचाच गेली."

साहेब केबिनमधून बाहेर आले. म्हणाले, "हा आज हो म्हणतोय, काल नाही म्हणत होता. काय धरायचं? आणि डागाचं काय?"

"कंचा डाग?" म्हातारीनं विचारलं.

मी पंच बोलावले, सील तोडलं, संगीन टेबलावर ठेवली. तिनं ती हातात घेतली आणि चेहरा पडला तिचा. उलटी केली, सुलटी केली. तिलाही ती ओळखू येईना. मग तिनं डोळे मिटले आणि अंगठा पात्यावरून टोकाकडे नेला. टोकाशी तो थांबला, अगदी माझा थांबला होता तिथेच. म्हातारी हसली.

"ह्यो डाग? ह्यो मी केलाय, सायेब."

ठाणे अंमलदाराचं पेन हवेतच राहिलं. तिनं कमरेची पिशवी सोडली, त्यातून हिरवंगार लिंबू काढलं आणि संगिनीच्या टोकाला टोचलं. नवरदेवाच्या कट्यारीला टोचतात तसं. मग जरा थांबून काढून घेतलं. रस पात्यावर उतरला होता. तो बरोबर त्या काळपट डागाच्या कडेपर्यंत येऊन थांबला.

"माज्या आधी माजी सासू टोचायची. लगीन लागंस्तवर लिंबू तसाच ऱ्हातो, दोन दोन दिस. गावातला एक नवरा सुटला न्हाय." तिनं शेजारी उभ्या नवऱ्याच्या बापाकडे बोट दाखवलं. "ह्याचापन लिंबू हाय त्यात. आन ह्याच्या बापाचा."

आम्ही ज्याला रक्त समजत होतो तो गावातल्या सगळ्या लग्नांचा रस होता. साहेबांनी संगीन हातात घेऊन स्वतः अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "नीट पंचनामा करा." पंचनाम्यात लिंबाचं वर्णन लिहायची वेळ माझ्यावर तेवढी एकदाच आली.

पुढचं काम कागदांचं होतं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना पातं दाखवलं. जखम बारीक चाकूची आहे, एवढ्या रुंद पात्याची नाही, असं त्यांनी लेखी दिलं. कशेळीचा खुनी नंतर सापडला, साध्या भाजीच्या सुरीसकट. चाचांना मी स्वतः फाटकापर्यंत सोडलं. उभी असलेली माणसं त्यांना घेऊन निघून गेली, आणि थोड्या वेळानं ठाण्यात बसल्या बसल्या मला लूमचा खडखडाट ऐकू आला. त्या आवाजानं एवढं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. चहा मागवला.

संगीन कोर्टाच्या हुकमाशिवाय परत देता येत नव्हती. दंडाधिकाऱ्यांनी पंचनामा वाचला, लिंबापाशी आल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हमीपत्रावर ती गावाला द्यायचा हुकूम केला. लग्नाच्या सकाळी मी ती घेऊन दिघाशीला गेलो. बरोबर चाचांनाही घेतलं. ते यायला तयार नव्हते. "मेरी वजह से पुलिस आयी थी, अब फिर जाऊं?" म्हणत होते. मी म्हणालो, मुद्देमालाची ओळख पटवायला तुम्ही लागता. ते साफ खोटं होतं.

नवऱ्याचा बाप वेशीवरच चाचांच्या पायाशी वाकला. चाचांनी त्याला मधेच धरलं. म्हणाले, "अरे उठ, मुलाच्या लग्नात बापानं असं रडू नये."

मांडवात धवलारणीनं संगीन हातात घेतली. लिंबू काढलं, आणि टोचायच्या आधी थांबली. तिनं चाचांना पुढे बोलावलं आणि लिंबू त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"आज तू टोच, बाबा."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनंच हो म्हटलं. त्यांनी लिंबू टोकाला लावून हळूच दाबलं. रस त्यांच्या बोटांवरून त्या डागावर उतरला. म्हातारीनं धवला सुरू केला. मी युनिफॉर्ममध्ये होतो, म्हणून डोळे पुसायला मांडवाबाहेर गेलो.

पोलिसाला शंका घ्यावीच लागते, त्यासाठीच त्याला पगार मिळतो. पण दिसलेल्या डागाला आपणच नाव देऊन मोकळं होऊ नये. ज्यानं तो केला असेल तो येऊन सांगेपर्यंत एक दुपार तरी मागून घ्यावी, एवढं मी त्या केसमधून शिकलो. मला ती दुपार देणाऱ्या साहेबांचा मी ऋणी आहे. फाटकाबाहेर गप्प उभ्या राहिलेल्या माणसांचा आहे. दुसऱ्याच्या पोराच्या मांडवासाठी स्वतःवरचा आळ सोसणाऱ्या चाचांचा तर आहेच.

ती म्हातारी आज नाही, चाचाही नाहीत. दिघाशीत लग्न असलं की मला अजून आमंत्रण येतं आणि मी जातो. नवरदेवाशी हात मिळवायच्या निमित्तानं संगिनीचं टोक जवळून बघून घेतो. डाग आहे. चाचांच्या हातचं लिंबू त्यातच आहे.