देवाला हात आहेत

एफ्राइम गावातली निम्मी पोरं किर्स्टिने सुइणीच्या हातून जन्मली होती. बाई डेन्मार्कहून अमेरिकेतल्या युटात आलेली, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची, तोंडाने फटकळ. नवरा वारल्यावर घरात ती आणि लेक थोरा, दोघीच.

गावात प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी शाळा काढली. एल्ड्रिजमास्तर शिकवायचे छान, म्हणून तिने थोराला तिथे घातलं. एकदा मास्तरांनी वर्गात विचारलं, देव कसा आहे? नऊ वर्षांची थोरा उठून घरी शिकवलं होतं तसं म्हणाली, "तो आपला बाप आहे. त्याला हाडामांसाचं शरीर आहे. स्वर्गात आपली आईपण आहे. आणि जग त्याने आधीच असलेल्या मातीतून घडवलं."

मास्तर आधी हसले, मग संतापले. "देवाला देह नाही, हात नाहीत. त्याने शून्यातून जग निर्माण केलं. तुम्ही लोक ख्रिस्ती नाहीच." हेच तिला बाकावर उभं करून दुपारपर्यंत म्हणायला लावलं.

किर्स्टिने भांडायला गेली नाही. लेकीला शाळेतून काढलं. मास्तरांची बायको लुइझा पोटुशी असल्याचं कळलं, तेव्हा मात्र मास्तर आता आपल्या दारी येणार म्हणून तिला बरं वाटलं.

मार्चमधल्या एका सकाळी मास्तर धापा टाकत दारात आले. "बाई, लवकर चला. मूल अडलंय."

किर्स्टिने पावाला लोणी लावत होती. "तुमच्या देवाला सांगा की."

"तुमच्या पाया पडतो."

"त्याला हात नाहीत म्हणालात ना? मग माझ्या हातांशी काय काम? शून्यातून अख्खं जग काढतो, त्याला एक पोर काढता येईना?"

मास्तर रडू लागले. ती सावकाश पाव चावत राहिली. कुंपणाशी शेजारणी जमल्या, तेच तिला हवं होतं.

"म्हणा, देवाला हात आहेत. मोठ्याने."

ते म्हणाले. तिने आणखी दोनदा म्हणायला लावलं, मगच पिशवी उचलली.

पोर आडवं होतं. तिने ते फिरवून जिवंत बाहेर काढलं. लुइझा अर्धमेली झाली होती, तरी तिने सुइणीचे आभार मानले. दारात काय घडलं ते तिला ठाऊक नव्हतं.

मास्तरांचं गावभर हसं झालं. उन्हाळ्यात मास्तर बिऱ्हाड घेऊन निघून गेले.

थोरा म्हणाली, "लुइझाबाई मला जर्दाळू द्यायच्या. तू त्यांना ताटकळवलंस."

"त्याला ताटकळवलं."

"कळा त्यांना येत होत्या, आई."

पुढे म्हातारपणी किर्स्टिने हा किस्सा चवीने सांगायची. तो सुरू झाला की थोरा उठून अंगणात जायची.