फासा पडायच्या आधी

मी कामगार युनियनची पत्रकं लिहितो. जालना एमआयडीसीच्या गेटांवर सकाळच्या शिफ्टला वाटतो, तीच दुपारी लोकांनी वर भजी ठेवून खाऊन फेकलेली बघतो आणि दुसरं लिहितो. या कामात एक खोड लागते. कुठलाही नियम दिसला की आधी विचारायचं, हा कोणाच्या सोयीचा आहे? आणि कुठलंही कलम हातात आलं की आपल्या कामाचं तेवढं तोडून घ्यायचं. मी दोन्ही करतो आणि मला त्याची लाज नाही. निदान त्या रविवारपर्यंत नव्हती.

मस्तगडात एका स्टेशनरीच्या दुकानावर एक खोली आहे. तिथं आम्ही चौघं दर रविवारी सकाळी दहाला जमतो आणि खेळतो. वयानं वाढलेली माणसं काय खेळतात, असं दुकानदार अजूनही विचारतो. खेळ साधा आहे. एकजण गेम मास्टर असतो. तो जग सांगतो: समोर नदी आहे, मागं सैन्य आहे, आभाळ भरून आलंय. बाकीच्यांनी एकेक कॅरेक्टर घ्यायचं आणि आपला माणूस आता काय करतो ते बोलायचं. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. किती आकडा आला म्हणजे काय झालं, ते रूलबुकात असतं.

आमची गेम मास्टर म्हणजे ताई. पस्तिशीची, गावातल्या जुन्या घरातली, बियाण्यांच्या कंपनीत लॅबला आहे. ओल्या कागदावर दाणे मांडायचे आणि किती उगवले ते मोजायचे, हे तिचं आठवडाभराचं काम. दुसरे काका, बँकेतले, रिटायर व्हायला आलेले. आयुष्यभर दुसऱ्याच्या पैशाला हात लावला नाही म्हणून खेळात ते चोर झालेत. आणि तिसरा माझा मित्र. रीरोलिंग मिलमध्ये भट्टीवर आहे. मूळचा आष्टीकडचा, वडील अजून मेंढरं राखतात. त्याला खेळात मीच आणलं.

आम्ही दोघं गेलो त्या पहिल्याच दिवशी मी भांडलो. टेबलावर ते रूलबुक होतं, झेरॉक्स काढून स्पायरल केलेलं, जाडजूड आणि सगळं इंग्रजीत. मित्राला इंग्रजी वाचता येत नाही. माझं डोकंच फिरलं. गेटवर सुरक्षेच्या सूचना इंग्रजीत लावतात, ज्याचा हात जायचा त्याला त्या वाचता येत नाहीत, आणि हात गेला की म्हणतात बोर्ड तर लावला होता! तेच इथं? ज्याला वाचता येतं तो राजा आणि बाकीच्यांनी फासे टाकत बसायचं? मी उभा राहून बोललो, गेटवर बोलतो तसा.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. "झालं तुमचं? बसा आता. आधी फासा तर टाकून बघा."

मित्रानं फासा उचलला तसा तिनं हात आडवा धरला. पुस्तक उघडलं, तो नियम मराठीत सांगितला, सावकाश. किती आलं तर काय, किती आलं तर काय नाही. मग विचारलं, "कळलं? कोणाला काही बोलायचंय? आता बोला. फासा पडल्यावर पुस्तक बंद." आणि खरंच पुस्तक मिटून कोपर त्याच्यावर ठेवलं. मग म्हणाली, "टाका."

मी गप्प बसलो. कारण मी आजवर जेवढी ऑफिसं पाहिली त्यात हे बरोबर उलटं चालतं. आधी निकाल लागतो, मग ड्रॉवर उघडतो, मग त्या निकालाला साजेसं परिपत्रक निघतं. फासा आधी, नियम नंतर. ही बाई स्वतःचेच हात आधी बांधून घेत होती, आणि तेही कोणी मागणी न करता.

तिची दुसरी एक रीत तर मला अजून खरी वाटत नाही. खेळताना एखादा नियम सापडला नाही तर ती एक मिनिट शोधते, घड्याळ लावून. नाही सापडला तर मनानं ठरवते, कारण चार माणसं ताटकळत ठेवून पानं उलटणं हा खेळ नव्हे. पण तिथंच चिठ्ठी लिहून पुस्तकात घालते. घरी जाऊन शोधते. आणि पुढच्या रविवारी सगळ्यात आधी, चहाच्याही आधी, वाचून दाखवते: "मागच्या वेळी मी कड्यावरून पडायचा नियम चुकीचा सांगितला. काकांना जास्त लागलं. इथून पुढं असं नाही." मी इतकी निवेदनं दिली, इतके अर्ज केले, पण खुर्चीवर बसलेलं माणूस न विचारता आपली चूक वाचून दाखवतंय हे मी फक्त त्या खोलीत बघितलं. काका आपले म्हणाले, "मग माझी तंगडी परत जोडा."

मित्राचं कॅरेक्टर एक बाई होती. मेंढरांच्या मोठ्या कळपाची मालकीण. राजालाही अरेतुरे करणारी. हा गडी मिलमध्ये मुकादमापुढं मान वर करत नाही, मी पत्रक दिलं तर घडी घालून खिशात ठेवतो आणि म्हणतो, "वाचीन जल्दी." पण टेबलावर बसला की त्याचा आवाज बदलायचा. "ए राजा, तुझ्या घोड्याला पाणी पाजायचं तर रांगंत लाव, माझी मेंढरं आधी आल्यात." काका हसून टेबल बडवायचे. जवळजवळ वर्षभर तो ती बाई जगला. शिफ्ट बदलून घ्यायचा, डबल करायचा, पण रविवार चुकवला नाही.

मग आमची गोष्ट नदीपाशी आली. वाडीतली सगळी माणसं आणि तो कळप पल्याड न्यायचा होता, मागून सैन्य येत होतं, आणि मालकीणबाई अंगावर तीन जखमा घेऊन पाण्यात दोर धरून उभी होती. तिथंच बारा वाजले आणि ताईनं खेळ थांबवला.

बुधवारी गेटसमोर चहा पिताना मित्र म्हणाला, "आयतवारी मरती वाटतं ती."

"मेली तर दुसरं कॅरेक्टर घे. नियमच आहे तसा."

"न्हाई. ती गेली की आपलं बी संपलं. मंग म्या कशाला यावं? तिथं ती बोलती, म्या थोडीच बोलतो."

हे त्यानं इतकं साधं म्हटलं की मला राग आला. कोणाचा, ते कळेना. संध्याकाळी ताईच्या घरी गेलो, पुस्तक मागून आणलं आणि दोन दिवस ते असं वाचलं जसं मी कामगार कायदा वाचतो, फट शोधत. सापडली. कोणी मरणाच्या दारात असेल आणि त्याच्या हाताच्या अंतरावर सोबती असेल, तर सोबती त्याला धरू शकतो आणि घाव दोघांत वाटला जातो. माझं कॅरेक्टर, एक पळून आलेला शिपाई, त्या पाण्यात तिच्या शेजारीच उभा होता. मी ते वाक्य चिठ्ठीवर उतरवलं, चिठ्ठी खिशात ठेवली आणि शनिवारी पुस्तक परत केलं. कोणालाच काही सांगितलं नाही. मित्रालाही नाही.

का नाही सांगितलं? हेच तर लिहायला बसलोय. आमच्यात शिकवतात की साहेबापुढं आपला कागद पहिल्यांदा काढायचा नाही. त्याला नाही म्हणू द्यायचं, सगळ्यांसमोर. तो नाही म्हणाला की मग कागद टेबलावर आपटायचा. मला ताईला हरवायचं नव्हतं. पण पुस्तकाला हरवायचं होतं, आणि ते लोकांनी बघावं असंही वाटत होतं.

रविवारी ताईनं नेहमीसारखा हात आडवा धरला. "अकरा किंवा वर आलं तर बाई उभी राहते. दहा किंवा खाली आलं तर नदी तिला नेते. नेलं म्हणजे नेलं. कोणाला काही बोलायचंय?" तिनं तिघांकडं पाहिलं. माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं असं आता वाटतं. पुस्तक कोणी नेलं होतं हे तिला ठाऊकच होतं. मी छताकडं बघत होतो.

पुस्तक मिटलं. मित्रानं फासा टाकला. सात.

मित्रानं फासा उचलून पुन्हा जागेवर ठेवला, हळूच. तेव्हा मी उभा राहिलो. "थांबा! असं कसं मरेल ती?" आणि चिठ्ठी वाचली, मोठ्यानं.

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "आहे असा नियम. पुढचं वाक्य?"

"पुढचं कुठलं?"

तिनं पुस्तक उघडलं नाही. तिला पाठ होतं. "सोबत्यानं फासा पडायच्या आधी 'मी धरतो' असं म्हणायला पाहिजे. तुम्ही उतरवलं नाहीत ते?"

वाचलं होतं मी ते. पण पत्रकासाठी कलम घेताना आपण शेपूट सोडतो, तसं हातानं सोडून दिलं, आणि मग माझ्यासाठी ती चिठ्ठीच नियम झाली.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"गुरुवारपासून."

"मग आत्ता विचारलं मी, तेव्हा?"

मित्र माझ्याकडं बघत होता. "म्हंजे तुझा शिपाई बाजूलाच व्हता?"

"होता."

"आन् नुसता बघत ऱ्हायला?"

मी ताईवरच घसरलो. "पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय, गेम मास्टर कुठलाही नियम बाजूला ठेवू शकतो. तुम्हाला अधिकार आहे. वापरा ना! एका कागदापायी माणूस घालवता?"

"आहे अधिकार," ती म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता, तिलाही ती बाई हवी होती. "फासा पडेपर्यंत आहे. आत्ता मी तो वापरला तर उद्यापासून या टेबलावर फासा कोणीच टाकणार नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघतील."

काका म्हणाले, "माझ्या चोराला मारा तिच्या बदली. तसाही हरामखोर आहे, पल्याड जाऊन लोकांची भांडी गोळा करून राह्यलाय." कोणी हसलं नाही. मित्र गालावरून हात फिरवत होता. मला वाटलं, आता उठेल, चपला घालेल, आणि संपलं.

"लोकं पोचली का पल्याड?" त्यानं विचारलं.

"पोचली," ताई म्हणाली. "तिनं दोर सोडला नाही. शेवटचा माणूस पोचला, मग दोरासकट गेली."

"आन् मेंढरं?"

ताईनं पुस्तक उघडलं. "जनावरांचा वेगळा नियम आहे. खोल पाण्यातून कळप नेला तर निम्मा वाहून जातो, निम्मा वाचतो. फासा टाकायचीही गरज नाही."

"असं न्हाई होत ताई."

आवाज त्याचा स्वतःचा होता, बाईचा नव्हता. असा तो त्या टेबलावर कधी बोलला नव्हता.

"निम्मी कामून जातील? मेंढरं आपल्या मनानं पाण्यात उतरतच न्हाईत. म्होरक्या धरायचा, त्याला आधी घालायचा. तो गेला की बाकीची त्याच्या मागं, एकाच्या शेपटीला एक. तो पल्याड लागला तर सगळी लागत्यात. तो मधीच फिरला तर सगळी फिरत्यात आन् सगळीच जात्यात. निम्मी बिम्मी काय न्हाई. म्या पाहिलंय, दुधनेला पाणी आल्तं तवा."

"अरे, पुस्तकाप्रमाणं निम्मी तर नक्की वाचतात," मी म्हणालो. मला राहवलंच नाही. "घे की पदरात. तुझ्या म्हणण्यानं एकही उरणार नाही कदाचित."

"कदाचित," तो म्हणाला. "पण व्हतंय तसंच ना."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. ज्या माणसाचं सगळं आत्ताच वाहून गेलं होतं, तो उरलेल्या निम्म्यावरचा हक्क सोडून खरं तेच सांगत होता. फासा पडायच्या आधी. मी चार वर्षं गेटवर सत्य सत्य म्हणून ओरडतोय. आपल्यालाच बुडवू शकेल असं सत्य मी एकदाही, आपणहून, आधी बोललेलो नाही.

ताईनं पेन्सिल घेतली. छापलेल्या नियमावर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, मराठीत. मग वाचून दाखवलं: "म्होरक्या पोचला तर सगळी, फिरला तर एकही नाही. हा नियम इथून पुढं सगळ्यांच्या कळपांना, शत्रूच्यासुद्धा. अकरा किंवा वर. कोणाला काही बोलायचंय?"

कोणालाच नव्हतं. तिनं फासा त्याच्यापुढं सरकवला.

"मेलेल्या माणसानं टाकायचा?" त्यानं विचारलं.

"कळप तिचाच आहे."

त्यानं टाकला. फासा रूलबुकाच्या स्पायरलला धडकला, गरकन फिरला आणि थांबला. चौदा.

काकांनी असा काही आवाज काढला की खालून दुकानदारानं हाक मारली. ताईनं पुस्तक मिटलं आणि सांगायला लागली. म्होरक्या पाण्यातून डोकं वर काढून कसा पल्याडला लागला, मागून ओली मेंढरं एकामागं एक कशी वर चढली, अंग झटकून कशी उभी राहिली आणि मालकीण दिसेना म्हणून सगळी नदीकडं तोंड करून ओरडायला लागली. पुस्तकात यातलं काहीही नाही. मित्र दोन्ही हात टेबलावर ठेवून ऐकत होता, डोळे भरलेले, पुसलेही नाहीत.

ती थांबल्यावर तो म्हणाला, "येवढ्या कळपाला माणूस लागंल कोणीतरी."

"लागेल," ताई म्हणाली.

"येतो मंग पुढल्या आयतवारी. कोण ते ठरवून येतो."

जिन्यात मी त्याच्या मागं होतो. माफी मागायची होती, पण मला पत्रकात मागणी लिहिता येते, माफी लिहिता येत नाही, बोलता तर त्याहून नाही. त्यानं गाडीला किक मारली, मी मागं बसलो. मस्तगडाच्या गर्दीतून आम्ही बाहेर पडलो. मग मान थोडी वळवून तो म्हणाला, "नेते, तुमच्या शिपायाला सांगून ठेवा. नवीन जो कोणी येईल ना, तो आधी त्यालाच इचारणार हाय, दोर धरलेल्या बाईजवळ उभा राहून तू काय करून राह्यल्तास म्हणून."