न वाजणारी सायकल

आमच्या घराला दार नव्हतं. शिंगणापुरात कुणाच्याच घराला नसतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण बाहेरगावच्या लोकांना वाटतं, दार नाही म्हणजे माणूस केव्हाही उठून बाहेर पडू शकतो. त्यांनी आमच्या आप्पांची खाट कुठं होती ते बघायला हवं होतं. चौकटीच्या आत, पडद्याला लागूनच. आप्पांची, म्हणजे वडिलांची, उजवी बाजू लकव्यानं गेली त्याच वर्षी मी बारावी पास झाले. आई सकाळीच उठून देवळाच्या रस्त्यावर तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान लावायची. थोरला भाऊ नगरला होस्टेलवर. राहिले मी. कॉलेजला जाऊ नकोस असं मला कुणी म्हणालंच नाही. फॉर्म भरायची शेवटची तारीख होती त्या दिवशी आप्पांना अंघोळ घालायची होती आणि भात शिजायला ठेवला होता, एवढंच.

आप्पा पाटकरी होते, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळायचे. सगळं आयुष्य पाटाच्या काठानं सायकलवर हिंडण्यात गेलेलं. कुठल्या चारीला पाणी सुटलंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. अंग गेलं, जीभ जड झाली, कान मात्र शाबूत राहिले. मी आत साखरेचा डबा उघडला तरी त्यांना कळायचं. दर अर्ध्या तासानं हाक. पाणी हवं, कूस बदलायची, माशी बसलीय, आणि बऱ्याचदा काहीच नाही. आपण नुसतं "आप्पा, काय?" म्हणून उभं राहायचं, त्यांनी बघायचं, आणि परत फिरायचं. मी चिडायचे. मनातल्या मनात काय काय बोलायचे ते आज लिहायलाही नको वाटतं.

दुपारी दोन ते तीन त्यांचा डोळा लागायचा. तो तास माझा होता. भावाची सायकल काढायची, पाटाच्या पुलापर्यंत जायचं, कठड्यावर बसायचं आणि परत यायचं. तिथं कुणी भेटायचं नाही, मी काही वाचायचेही नाही. एक तास मला कुणी हाक मारत नसे, हेच तिथं होतं. आईनं बजावलेलं होतं की त्यांना एकटं टाकून कुठं जायचं नाही. तिला कळलं असतं तर तो तास त्याच दिवशी संपला असता, आणि तो संपला तर आपलं डोकं फिरेल याची मला खात्री होती. ज्या गावात चोरी होत नाही असं जगाला सांगतात, त्या गावात मी रोज एक तास चोरत होते.

अडचण सायकलचीच होती. जाड टायरची, सरळ हँडलची, गिअरवाली. त्या वर्षांत कॉलेजच्या पोरांना तिचं भारी वेड होतं. भावानं हट्ट करून घेतली आणि होस्टेलवर जाताना माझ्या गळ्यात टाकून गेला. चेन ढिली, खड्डा आला की उतरायची नाहीतर दांडीवर आपटायची. माझी ओढणी अडकू नये म्हणून त्यानं जुन्या सायकलचं पत्र्याचं चेनकव्हर तारेनं बांधून दिलं होतं. ते वेगळं वाजायचं. अंगणातून निघाले की अर्ध्या गल्लीला कळायचं. म्हणून मी सायकल कडेला धरून, उचलत-उचलत वळणापर्यंत चालत न्यायचे आणि मग बसायचे. येतानाही तेच. तरी ती वाजायचीच.

तेलाला आमच्याकडं काय तोटा? एकदा दुकानातलं वाटीभर तेल चेनवर ओतलं. देवाला चालतं ते चेनला का चालू नये, असा माझा हिशोब. चार दिवसांत पाटाकडची सगळी धूळ त्या चेनला चिकटली, आणि खडखडीला करकरही येऊन मिळाली.

बाहेर जायची परवानगी मला फक्त शनिवारी होती. त्या दिवशी आत्या दर्शनाला यायची, आप्पांपाशी बसायची, आणि मी सोनईला जाऊन औषधं आणायचे. अशाच एका शनिवारी तिथल्या सायकलवाल्याकडं गेले. त्यानं आधी पत्र्याचं नवं कव्हर दाखवलं आणि लगेच मागं ठेवलं. आज शनिवार, लोखंड विकायचं नाही, उद्या या म्हणाला. माझ्यासाठी उद्या पुढच्या शनिवारी येणार होता, आणि त्या दिवशीही शनिवारच असणार होता. मग त्यानं चेनच्या चाकाला बाहेरून लावायची ॲल्युमिनियमची तबकडी काढली. हे लोखंडात धरतात का, यावर त्यानं आणि शेजारच्या पानवाल्यानं बराच काथ्याकूट केला. धरत नाहीत असं ठरलं. त्यानं ती लावून पायडल फिरवलं. मी डोळे मिटून ऐकलं, खाटेवरून आप्पा ऐकतील तसं. बारीक किणकिण येत होती. नको म्हटलं.

शेवटी त्यानं एका मोडक्या सायकलवरून काढलेलं काळं प्लॅस्टिकचं गाईड शोधलं. बोटाएवढी खाच, खाली एक छोटं चाक, चेन त्यातून जायची, त्यामुळं उतरायचीही नाही. पत्रा काढून त्यानं ते बसवलं, एक कडी काढून चेन आवळली, चेनखालच्या दांडीला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. पायडल फिरवलं. मी डोळे मिटले. चाक फिरतंय की नाही ते बघायला मला डोळे उघडावे लागले. आवाज एवढा कशाला खुपतो, असं त्यानं विचारलं. मी उगाच ओढणीचं कारण पुढं केलं.

तो आठवडा मला अजून आठवतो. अंगणातच सायकलवर बसायचे, सरळ निघायचे. पुलावर दहा मिनिटं जास्त बसायचे. एकदा पुलाच्याही पुढं गेले, उसातून जाणाऱ्या रस्त्यानं, उगाचच. मी फार खूश होते.

शुक्रवारी परत आले तर पडदा दोरीसकट खाली पडलेला. आप्पा खाटेवरून अर्धे बाहेर, डावा हात चौकटीला घट्ट धरलेला, बनियन घामानं भिजलेलं. त्यांना ओढून नीट निजवलं. आता आईला कळणार, हेच पहिल्यांदा मनात आलं. ते कसे आहेत हे नंतर. पाणी पाजलं. बऱ्याच वेळानं ते एकेक शब्द जुळवत बोलले.

"तू जाती ते मला पयल्यापासून ठावं हाय. तुज्या आईला मी बोल्लो न्हाई."

मी पडद्याची दोरी गोळा करायला लागले.

"सायकल वाजली की कळायचं, आली. मग झोप लागायची. आता तू आली का न्हाई, ते कळतच न्हाई गं."

म्हणजे दोन ते तीन ते झोपत नव्हते. मी येईपर्यंत डोळे मिटून पडून राहत होते. दोन वर्षं. मला दया यायला हवी होती. आला तो राग. माझं म्हणावं असं घरात एकच होतं, ते मी चोरून मिळवलं होतं, आणि तेही त्यांनीच दिलेलं निघालं. पडदा बांधला, भांडी आदळत घासली, रडले. आई आल्यावर त्यांनी तिला काही सांगितलं नाही. मीही नाही.

शनिवारी आत्या होती. रविवारी दोन वाजले, मी गेले नाही. सोमवारीही गेले नाही. आत बसून राहिले, डबा उघडला नाही, की काही नाही. मंगळवारी जेवण झाल्यावर आप्पांनी पाणी मागितलं नाही, कूस बदलायला सांगितलं नाही. तोंड भिंतीकडं वळवलं आणि घोरायला लागले. ते आयुष्यात कधी घोरले नव्हते. एवढं मोठ्यानं कुणी झोपेत घोरतही नाही. मधेच थांबायचे, मी उठले का ते ऐकायचे, आणि पुन्हा सुरू करायचे.

मी त्यांच्या पायाशी खाटेवर येऊन बसले. मी तिथंच आहे हे त्यांना कळत होतं, तरी ते थांबले नाहीत. तीन वाजेपर्यंत ते घोरत राहिले, आणि मी उठले नाही.