नरहरीचे दोन तास

आमच्या शिरगावात विमानात बसलेला माणूस एकच, नरहरी राऊत, आणि हे तो गावाला कधी विसरू देत नसे. तारापूरला एका ठेकेदाराकडे तो कारकून होता. ठेकेदाराने एकदा नकाशांची भेंडोळी सांभाळायला म्हणून त्याला दिल्लीला नेलं. गेला हमाल म्हणून, परतला तो जणू वैमानिक होऊन. विमानात मिळालेल्या लिमलेटच्या गोळीचा कागद त्याने देव्हाऱ्यात ठेवला होता.

कुणी म्हणालं, मुलगी नाशिकला दिली, की हा डोळे मिटून सांगे, "विमानानं अर्धा तास." रोज एसटीसाठी चिंचेखाली ताटकळणारा हा माणूस, तिथेही शेजारच्याला दिल्ली दोन तासांवर असल्याचं ऐकवी. विमानतळापर्यंत तो ठेकेदाराच्या जीपमध्ये मागे घोरत गेला होता आणि घोरतच परत आला होता. त्यामुळे शिरगाव ते विमानतळ हे अंतर त्या दीडशहाण्याच्या हिशेबात कधी शिरलंच नाही.

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात त्याची आई, माई, पहाटे गेली. धाकटा भाऊ बळवंत दिल्लीला नोकरीत. माईचा सगळा जीव त्याच्यावर. नरहरीने पालघरला जाऊन फोन लावला तेव्हा बळवंत रडत एवढंच म्हणाला, "विमानानं निघतो, दादा. मी येईपर्यंत माईला नेऊ नका. मला तिचं तोंड बघायचंय."

कोळीवाड्यातला नामदेव होडीसाठी आणलेला बर्फ हातगाडीवर घालून दारात आला. "भाऊ, उकाडा लय हाय. बरफ लावा, माई सकालपरेंत ऱ्हाईल. बलवंत पोचल तवा पोचल."

"तो विमानानं येतोय," नरहरी म्हणाला. "दोन तास! आनि माईला बरफात घालायला ती काय पापलेट हाय?"

नामदेव गाडी वळवून किनाऱ्याकडे गेला. बर्फ होडीत पडला, होडी समुद्रात गेली. सख्ख्या आईसाठी आलेला बर्फ परत पाठवून हे महाशय ओटीवर घड्याळ घेऊन बसले. मला आजही त्याचा संताप येतो.

दुपार उलटली. नरहरी मधूनमधून आभाळाकडे बघे, विमान वाडीतच उतरणार असल्यासारखा. उन्हाची काहिली होत होती. माईला आता ठेवता येईना. दिवस मावळायच्या आत उचला, असं वाडीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं.

"बरफ परत कोनी पाठवला?" त्याच्या बायकोने, जयवंतीने, सगळ्यांदेखत विचारलं. नरहरी घड्याळाला चावी देत राहिला.

बळवंत पोचला तेव्हा किनाऱ्यावरच्या स्मशानात चिता खाली बसली होती. विमानतळावरून स्टेशन, गाडीने पालघर, तिथे एसटी सुटलेली. शेवटी टांगा करून तो आला होता. हातातली पिशवी टाकून तो वाळूत बसला.

"माजी वाट का नाय बघितली, दादा?"

नरहरीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता तरी हा माणूस रडेल.

"विमानाला किती वेळ लागला रे?" त्याने विचारलं.

बळवंत म्हणाला, "दोन तास."

नरहरी आम्हा सगळ्यांकडे वळला. "बघा," तो म्हणाला, "मी सांगितलं होतं."